पुरावा कुणी द्यायचा?



१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक आदेश दिला. वनहक्क कायद्याखाली ज्यांचे दावे अखेरचे नामंजूर झाले, त्यांना जंगलजमिनीवरून अजून का हटवले नाही याचा खुलासा राज्यांनी करावा आणि पुढच्या तारखेच्या आत, म्हणजे २४ जुलैच्या आत, हे काम उरकावे, असा त्याचा आशय होता. राज्यांनीच दिलेल्या आकड्यांची बेरीज दहा लाख दाव्यांच्या पुढे जात होती. देशभर ओरड झाली, केंद्र सरकार धावतपळत न्यायालयात गेले आणि २८ फेब्रुवारीला न्यायालयाने स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली. त्या वेळी न्यायालयाने राज्यांना एक साधा प्रश्न विचारला: हे दावे नामंजूर करताना तुम्ही कोणती कार्यपद्धती पाळली? त्याचे उत्तर देताना अनेक राज्यांना फेरतपासणीचे आश्वासन द्यावे लागले. निकाल लागून गेला होता आणि चौकशी मागे राहिली होती. जंगलावरून सरकार आणि आदिवासी यांच्यात जो झगडा चालू आहे, तो आपण झाडांचा, वाघांचा किंवा विकासाचा समजतो. तसा तो आहेही. पण त्याच्या तळाशी कचेरीतला एक रुक्ष प्रश्न आहे, आणि तो सोडवल्याखेरीज वरचे प्रश्न नीट मांडताही येत नाहीत. पुरावा कुणी द्यायचा? माझे म्हणणे असे की या देशातल्या बऱ्याच जंगलावर सरकारने आपला हक्क सिद्ध केलेला नाही, फक्त जाहीर केलेला आहे. आणि सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र ज्यांच्यापाशी कागद असण्याची शक्यता सर्वांत कमी, त्यांच्या गळ्यात घातली आहे.

याची सुरुवात आपल्याला तारखेनिशी सांगता येते. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले, डिट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचा पहिला महानिरीक्षक झाला, १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला. रेल्वेच्या रुळांखाली घालायला स्लीपर हवे होते, त्यासाठी साग आणि साल हवे होते. पहिला कायदा अपुरा वाटू लागल्यावर दुसऱ्याची चर्चा झाली, आणि ती चर्चा आजही वाचण्यासारखी आहे. कारण आज दिल्लीत किंवा मुंबईत दिले जाणारे जवळजवळ प्रत्येक उत्तर तीत आधीच येऊन गेले आहे. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याची भूमिका अशी होती की लागवडीखाली नसलेली सगळी जमीन मुळात राज्यकर्त्याची. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे सरपण, चारा, बांबू नेत असतील तर ती राज्यकर्त्याने दाखवलेली सवलत, हक्क नव्हे. मद्रास इलाख्यातल्या महसुली अधिकाऱ्यांचा अनुभव याच्या नेमका उलटा होता. कुठल्या ना कुठल्या गावाच्या वहिवाटीत नाही असे जंगल त्यांना आपल्या इलाख्यात दिसत नव्हते, आणि त्यांनी तसे लिहूनही कळवले. ब्रँडिस या दोघांच्या मध्ये उभा होता. गावांसाठी वेगळे जंगल राखावे असे त्याला वाटे. १८७८ च्या कायद्यात सरशी बेडन-पॉवेलची झाली. मद्रासने पुढे १८८२ मध्ये आपला वेगळा कायदा करून घेतला, पण मुंबई इलाख्याला १८७८ चाच कायदा लागू झाला.

त्या कायद्याची, आणि त्याच धर्तीवरच्या १९२७ च्या आजही चालू असलेल्या कायद्याची, कार्यपद्धती बारकाईने पाहिली पाहिजे. एखादा प्रदेश राखीव वन करायचा तर आधी कलम ४ ची अधिसूचना निघते. मग वन जमाबंदी अधिकारी जाहीरनामा काढतो आणि किमान तीन महिन्यांची मुदत देतो. त्या मुदतीत ज्याचा काही हक्क असेल त्याने लेखी अर्ज करावा किंवा समक्ष हजर राहून सांगावे. ज्या हक्काबद्दल कुणी काही सांगितले नाही आणि चौकशीतही जो अधिकाऱ्याला आढळला नाही, तो कलम ९ प्रमाणे संपतो. शेवटी कलम २० ची अधिसूचना निघते आणि जंगल राखीव होते. कागदावर ही पद्धत न्याय्य दिसते. कुणाला विचारलेच नाही असे म्हणता येत नाही. पण सातपुड्यातल्या भिल्लाने किंवा कुलाब्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, कातकऱ्याने हा जाहीरनामा वाचायचा कसा, आणि तीन महिन्यांत कोणत्या कचेरीत जायचे? जो बोलला नाही त्याचा हक्क गेला, असा हा व्यवहार होता. सरकारकडे मात्र कुणी तीन महिन्यांत मालकीचा दाखला मागितला नव्हता. त्या काळी हे कुणाच्या लक्षात आले नाही असे समजू नये. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कायद्याला विरोध केला होता. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गायराने आणि डोंगर गिळणाऱ्या वनखात्यावर कोरडे ओढले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली कुरकुर इतकी वाढली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. १९३० साली पुसद, बिळाशी, चिरनेर इथे जंगल सत्याग्रह झाले. चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला. आपण तो स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून शिकतो आणि शिकवतो. तिथे जमलेल्यांची स्वतःची तक्रार जंगलाबद्दल होती, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत उरकली जाते.

स्वातंत्र्यानंतर ही पद्धत सौम्य होईल अशी अपेक्षा होती. झाले उलटे. संस्थाने विलीन झाली, जमीनदारी आणि मालगुजारी संपली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथे १९५० च्या कायद्याने मालगुजारांची जंगले सरकारजमा झाली. मालगुजाराच्या अमलात गावाला जळण, बल्ली, बांबू, मोहफुले आणण्याचा निस्तार हक्क होता आणि तो निस्तार पत्रकात व वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिलेलाही असे. सरकार मालक झाल्यावर हा हक्क हळूहळू आटत गेला. देशाच्या बऱ्याच भागांत अशी जंगले सरसकट संरक्षित वने म्हणून जाहीर झाली. वनकायद्याप्रमाणे आधी लोकांचे हक्क तपासून नोंदवायचे असतात. घाई असेल तर जाहीर आधी करावे आणि तपासणी नंतर, अशी सोय कलम २९ मध्ये आहे. अपवाद म्हणून ठेवलेली ही सोयच नियम झाली. घाईची तपासणी कित्येक ठिकाणी पन्नास वर्षांतही झाली नाही. अनुसूचित जाती-जमाती आयुक्त डॉ. ब्रह्मदेव शर्मा यांनी आपल्या एकोणतिसाव्या अहवालात हे सगळे सरकारपुढे ठेवले. त्यानंतर १८ सप्टेंबर १९९० रोजी केंद्राच्या पर्यावरण खात्याने परिपत्रके काढली, की अतिक्रमण, विवादित दावे, पट्टे, वनग्राम यांची तड लावा. राज्यांनी ती फायलीला लावली. १९९६ मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलाची व्याख्या रुंदावली, आणि त्याच खटल्याचा हवाला देत ३ मे २००२ रोजी केंद्राने राज्यांना कळवले की ३० सप्टेंबरपर्यंत सगळी अपात्र अतिक्रमणे काढा. तपासणी बारा वर्षांत झाली नव्हती, हकालपट्टी पाच महिन्यांत करायची होती.

महाराष्ट्रात हा विषय ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना एक विरोधाभास ठाऊक आहे. ठाणे, नाशिक, धुळे भागांत सरकारनेच जंगलजमिनी एकसाली पट्ट्याने कसायला दिल्या होत्या. कुलाब्यात अशाच कसायला दिलेल्या दळीच्या जमिनी होत्या. पट्ट्याचे नूतनीकरण थांबले की कालचा कसणारा आजचा अतिक्रमणदार झाला. मग बीट गार्ड यायचा, दंड करायचा. ज्या गरिबाने भांडून दंडाची पावती घेतली आणि झोपडीच्या छपरात खोचून ठेवली, त्याच्यापाशी पुढे पुरावा निघाला; ज्याने बिनपावतीचे पैसे, कोंबडी किंवा तांदूळ देऊन वेळ निभावली, त्याच्यापाशी काहीच नाही. गुन्हा नोंदला गेला तो भाग्यवान, असा हा हिशेब.

२००६ च्या वनहक्क कायद्याने नेमकी ही व्यवस्था फिरवायचा प्रयत्न केला. कायद्याच्या प्रास्ताविकातच ऐतिहासिक अन्यायाची कबुली आहे. पण कबुलीपेक्षा मला त्याच्या नियमांतला तेरावा नियम मोलाचा वाटतो. त्यात पुरावा म्हणून सरकारी कागदपत्रे, गॅझेटियर, जमाबंदी अहवाल आहेतच. पण घर, बांध, विहीर, पिढ्यान्‌पिढ्यांची स्मशाने आणि देवस्थाने, वंशावळ आणि दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही आहे. कुठलाही एकच पुरावा हवा असा आग्रह धरता येत नाही. दावा ग्रामसभेपुढे सुरू होतो, तिची वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहते, मग तो उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे जातो. २०१२ च्या सुधारणेने हेही स्पष्ट केले की नामंजुरीची कारणे लेखी द्यावी लागतील. जमिनीने आणि माणसाने दिलेली साक्ष कचेरीच्या कागदाच्या बरोबरीला आणून बसवण्याचा हा प्रयत्न होता.

व्यवहारात तराजू पुन्हा मूळपदावर आला. प्रांताच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समित्यांत वनखात्याचा अधिकारी बसतो, म्हणजे वादातला एक पक्ष न्यायासनावर असतो. म्हाताऱ्यांचे जबाब बाजूला पडून २००५ चे उपग्रहचित्र अंतिम ठरू लागले. डोंगरउतारावरचा नाचणी-वरईचा तुकडा त्या चित्रात झुडपासारखा दिसला तर दावा अपात्र. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केवळ चित्रावर विसंबून दिलेल्या नामंजुऱ्या फेरतपासायला लावल्या. २०२५ पर्यंत देशभरात ५१ लाखांच्या आसपास दावे दाखल झाले. त्यांतले सुमारे निम्मे मान्य झाले आणि १८ लाखांच्या वर फेटाळले गेले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत रक्ताळलेल्या पायांनी चालत आलेल्या मोर्चाची मुख्य मागणी हीच होती, की आमचे वनपट्ट्यांचे दावे नीट तपासा. मुंबईकरांनी त्यांना पाणी आणि चपला दिल्या. त्या सौजन्याचे खूप कौतुक झाले. त्या मागणीचे काय झाले याची चौकशी त्या मानाने कमी झाली.

आता याच राज्यातला, याच १९२७ च्या कायद्यातून उद्भवलेला दुसरा खटला शेजारी ठेवून पाहू. महाराष्ट्राने १९७५ मध्ये खाजगी वने संपादनाचा कायदा केला. ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वने सरकारजमा झाली, आणि ज्या जमिनीबाबत १९२७ च्या कायद्याच्या कलम ३५ खाली नोटीस निघाली होती, तीही खाजगी वनात मोडत होती. मुंबई उपनगरांतल्या काही जमिनींबाबत १९५०च्या दशकात अशा नोटिसा निघाल्या होत्या. पुढे त्या जमिनींवर रीतसर परवानग्या घेऊन इमारती उभ्या राहिल्या, हजारो कुटुंबे राहायला आली. जवळजवळ पन्नास वर्षांनी सरकारला आठवण झाली आणि सात-बारावर वनाची नोंद चढली. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉईस विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. नोटीस नुसती निघून चालत नाही, ती बजावली गेली पाहिजे आणि तिच्यावर पुढे काही कारवाई झाली पाहिजे. अर्धशतक स्वस्थ बसून, मधल्या काळात स्वतःच बांधकामाला परवानग्या देऊन, सरकार एक दिवस जागे होऊन जमीन आपली म्हणू शकत नाही, असे त्या निकालाचे सार आहे.

हा निकाल मला पूर्णपणे बरोबर वाटतो. म्हणूनच तो मुलुंडसारख्या उपनगरातल्या इमारतींपाशी थांबतो याचे आश्चर्य वाटते. बजावणी सिद्ध करा, चौकशी पुरी केली ते दाखवा, मधल्या काळातल्या स्वतःच्या वागणुकीची जबाबदारी घ्या: या तीन कसोट्या डहाणू, अक्कलकुवा किंवा एटापल्लीच्या जंगलाला लावल्या, तर किती अधिसूचना टिकतील? कलम ४ चा जाहीरनामा पाड्यावर पोचल्याचा पुरावा किती ठिकाणी आहे? एकसाली पट्टे देणे आणि दंडाच्या पावत्या फाडणे ही सरकारची मधल्या काळातली वागणूकच नव्हे काय? कुणी म्हणेल की फ्लॅटधारकांनी पैसे मोजले होते, त्यांच्याकडे नोंदणीकृत करार होते. खरे आहे. पण न्यायालयाने त्या वेळी सरकारच्या कागदांची झडती घेतली होती. फ्लॅटधारक पात्र आहेत की नाहीत याची नव्हे. झडती सरकारची व्हावी एवढीच मागणी आदिवासीही करतात.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप पर्यावरणाच्या बाजूने येतो आणि तो प्रामाणिक माणसांकडून येतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. पुराव्याची काटेकोर चर्चा ठीक, ते म्हणतात. पण जंगल गेले तर हक्क कशावर गाजवणार? या आक्षेपामागे एक गृहीत आहे, की सरकारच्या हाती जंगल सुरक्षित होते. माधव गाडगीळ यांनी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या बांबूचा अभ्यास केला आहे. दांडेलीच्या कागद गिरणीला सरकार टनामागे दीड रुपया असल्या नाममात्र दराने बांबू देत होते, आणि बुरडाला तोच बांबू बाजारात कित्येक पटींनी महाग पडत होता. वनखात्याच्या शास्त्रीय कार्ययोजना असूनही तो बांबू संपत गेला. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू बल्लारपूरच्या गिरणीला दीर्घ मुदतीच्या कराराने जात असे. फुकटाच्या भावात मिळणारी वस्तू जपून वापरण्याचे कारण कुणालाच नव्हते.

आता गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) पाहा. २००९ मध्ये या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. शेजारच्या मर्द्यालाही मिळाला. देशातले हे पहिले. हक्क मिळाला, तरी बांबू विकायचा म्हटल्यावर वनखाते वाहतूक परवाना देईना. बांबू गौण वनोपज आहे असे २००६ च्या कायद्यातच लिहिले असताना खाते १९२७ च्या व्याख्येकडे बोट दाखवत राहिले. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा गाडी हलली. त्यानंतर गावाने जंगल तोडून खाल्ले नाही. बांबूचे उत्पन्न ग्रामसभेत आले आणि तिथेच त्याचे निर्णय झाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर तेंदूपाने तोडणेच बंद केले. फांद्या छाटाव्या लागतात, आगी लागतात, म्हणून हातात येणारा पैसा गावाने सोडला. कर्नाटकात बिळिगिरी रंगन बेट्टच्या व्याघ्र प्रकल्पात सोलिगांना २०११ मध्ये हक्क मिळाले, आणि पुढच्या गणतीत तिथले वाघ वाढलेले निघाले. सोलिगांमुळे वाघ वाढले असे मी म्हणणार नाही. तेवढा कार्यकारणभाव या आकड्यांतून निघत नाही. हक्क दिल्याने वाघ संपतात, हे भाकीत खोटे ठरले, इतकेच निघते, आणि सध्याच्या वादात तेवढेही पुष्कळ आहे.

दोन-तीन गावांवरून हजारोंचा निष्कर्ष काढू नये, हेही मान्य. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत आणि सगळी मेंढा नाहीत. तेंदूच्या लिलावात कंत्राटदार संगनमत करतात, पैसे थकवतात. ग्रामसभेत चार मातब्बरांचे चालते, बायकांचे बोलणे टिपणात येत नाही. मात्र हे दोष दाखवणाऱ्यांनी हाच नियम वनविकास महामंडळाला, पाटबंधारे खात्याला, आपल्या महानगरपालिकांनाही लावावा. कारभार वाईट आहे म्हणून मालकी काढून घ्यायची असेल तर यादी लांब होईल.

दुसरा आक्षेप बोगस दाव्यांचा. २००५ नंतर झाडे तोडून कसायला घेतलेल्या जमिनी आहेत, राजकीय पुढाऱ्यांच्या आशीर्वादाने घुसलेली माणसे आहेत. त्यांना हा कायदा संरक्षण देत नाही. १३ डिसेंबर २००५ ही मर्यादा कायद्यातच आहे, क्षेत्राची चार हेक्टरची मर्यादाही आहे, आणि मिळालेली जमीन विकता येत नाही. आदिवासी नसलेल्या वननिवासींना तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. खोटा दावा ओळखायचा सर्वांत खात्रीचा मार्ग गावाची उघड सभा हाच आहे, कारण कोण कधी आला हे शेजाऱ्याला माहीत असते. हे कचेरीतल्या चित्रात दिसत नाही. उलट, कारण न देता लाखो दावे एकगठ्ठा फेटाळले की खरा आणि खोटा एकाच ढिगात जातात, आणि खोट्याला खऱ्याच्या आडोशाला उभे राहता येते.

तिसरा आक्षेप राष्ट्रहिताचा. खनिजे साऱ्या देशाची आहेत, मूठभर गावांनी ती अडवावीत का? ओडिशातल्या नियमगिरीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी सांगितले की डोंगरिया कोंधांच्या धार्मिक आणि सामूहिक हक्कांचा निर्णय ग्रामसभांनी करावा. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही ठिकाणी बॉक्साइटच्या खाणीला नकार मिळाला, आणि जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने परवानगी नाकारली. देश त्यामुळे बुडाला नाही. याच्या उलट छत्तीसगडच्या हसदेव अरण्यातल्या घाटबर्रा गावाचा आधी दिलेला सामूहिक हक्क २०१६ मध्ये रद्द करण्यात आला, कारण गावकरी त्या हक्काच्या जोरावर कोळशाच्या कामाला विरोध करत होते. हक्क काढून घेण्याची तरतूद वनहक्क कायद्यात कुठे आहे, हे मला शोधूनही सापडले नाही. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी तर क्रमच बदलला: केंद्राची मंजुरी आधी, वनहक्कांची पूर्तता नंतर राज्याने पाहायची. कलम २९ मधली ती जुनी सोय, जाहीर आधी आणि तपासणी नंतर, इथे पुन्हा आली. सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचा पट्टा आणि माडिया गोंडांचा ठाकूरदेव एकाच ठिकाणी आहेत, तेव्हा हा केवळ छत्तीसगड-ओडिशाचा विषय आहे अशा समजुतीत आपण राहू नये. राष्ट्रहित म्हणजे नेमके काय, ते कोणत्या खाणीत किती, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही ते सांगणाऱ्याची आहे. ती त्याच्यावर टाकली तर काही खाणी होतील, काही होणार नाहीत.

मग करायचे काय? गडचिरोलीत सामूहिक दावे इतक्या संख्येने का मान्य झाले आणि रायगड-ठाण्यात का अडले, याचा विचार करताना संघटनांच्या कामाइतकेच महत्त्व मी त्या जुन्या निस्तार पत्रकांना देतो. विदर्भात हक्काचा कागद सरकारच्याच दप्तरात होता, आणि कायद्याने निस्ताराला नाव घेऊन मान्यता दिली. कोकणात तसा कागद कमी, किंवा आहे पण कुणी बाहेर काढलेला नाही. वनहक्क नियमांतल्या सहाव्या नियमाप्रमाणे वनखात्याचे आणि महसुलाचे नकाशे ग्रामसभेला पुरवणे हे उपविभागीय समितीचे काम आहे, गावाचे नाही. हाच नियम थोडा पुढे नेता येतो. प्रत्येक राखीव आणि संरक्षित वनाची कलम ४ ची अधिसूचना, जाहीरनामा बजावल्याची नोंद, जमाबंदी अधिकाऱ्याचा अहवाल, कलम २० ची अधिसूचना, जुने पट्टे, कार्ययोजना आणि गुन्हा नोंदवह्या वनखात्याने कक्ष क्रमांकानुसार गावापुढे ठेवाव्यात. आणि जिथे जमाबंदीची फाइल मिळत नाही, तिथे हक्क संपले नव्हते असे धरून ग्रामसभेचा ठराव मान्य करावा. फेटाळलेल्या १८ लाख दाव्यांची फेरतपासणी करायची झाली तर ती या फायलींपासून सुरू करावी. खात्याकडे एवढी माणसे नाहीत, दप्तरे वाळवीने खाल्ली आहेत, काही मुंबईत, काही नागपुरात, काही भोपाळमध्ये राहिली आहेत, असे उत्तर येईल. ते बहुतेक खरेही असेल. कागद हरवला ही सबब आदिवासीकडून आपण दीडशे वर्षे ऐकून घेतलेली नाही.